शाळेचे फाटक कोणासाठी? सार्वजनिक इमारती आणि वापरशुल्काचा प्रश्न

(दिल्ली परिसरातील वस्ती-कार्यकर्ते व पालक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिल्ली शहर आणि त्याभोवतीचा गाझियाबाद, नोएडा, फरिदाबाद, गुरुगाव हा औद्योगिक पट्टा, येथील कोणत्याही श्रमिक वस्तीत गेले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. सरकारी वा पालिकेच्या शाळेची इमारत ही त्या वस्तीतील बहुधा एकमेव प्रशस्त सार्वजनिक वास्तू असते. मतदानाच्या दिवशी तीच मतदान केंद्र होते. २०२० च्या टाळेबंदीत दिल्लीच्या शाळांतूनच शिजवलेले अन्न वाटले गेले, शिधा वाटला गेला, रस्त्यावर आलेल्या मजुरांना निवारा मिळाला. २०२१ मध्ये लसीकरणाच्या रांगा लागल्या त्याही शाळांच्याच आवारात. संकटकाळी शाळा लोकांची असते, हे राज्यसंस्थेने स्वतःच्या कृतीने मान्य केले आहे.

परंतु संकट सरले, मतदान आटोपले, की फाटकाला कुलूप लागते. त्यानंतर त्याच वस्तीतील साक्षरता वर्गाने, महिला मंडळाने, मुलांच्या वाचनालयाने किंवा कामगार संघटनेने रविवारी दोन तासांसाठी एखादी खोली मागितली, तर ‘नियमात बसत नाही’ किंवा ‘शुल्क भरावे लागेल’ या दोन उत्तरांपैकी एकाशी गाठ पडते. शाळांच्या इमारती रिकाम्या वेळात बाहेरच्या संस्थांना शुल्क आकारून द्याव्यात, म्हणजे इमारतीही वापरात राहतील आणि शाळांना उत्पन्नही होईल, ही सूचना अधूनमधून पुढे येते. ती वरवर व्यवहारी वाटते. सुशिक्षित मध्यमवर्गातील पुष्कळांना ती पटतेही. म्हणूनच तिची नीट तपासणी करणे आवश्यक आहे.

घर आकसत गेले

प्रश्नाचा पाया घराच्या क्षेत्रफळात आहे. १९६० साली दिल्लीत झोपडपट्टी हटाव योजना सुरू झाली तेव्हा विस्थापित कुटुंबाला ८० चौरस गजांचा, म्हणजे ७२० चौरस फुटांचा भूखंड द्यावयाचा असे ठरले होते. पुढे तो २५ चौरस गजांवर आला. आणीबाणीच्या काळात तुर्कमान दरवाजापासून अनेक ठिकाणी बुलडोझर फिरले आणि त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, नंदनगरी यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत माणसे नेऊन टाकली गेली, ती अशा २५ गजांच्या तुकड्यांवर. त्यानंतरच्या पुनर्वसनांत तो तुकडा १८ चौरस मीटर झाला. २००६ नंतर सावदा घेवरा येथे पाठविलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या वाट्याला केवळ साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जमीन आली.

१३५ चौरस फुटांत स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि कित्येकदा घरबसल्या चालणारे तुकडेकाम हे सर्व उरकावे लागते. तेथे दहा बाया जमून बसू शकत नाहीत. परीक्षेला बसलेल्या मुलीला कोपरा मिळत नाही. गुरुगाव-मानेसरच्या कारखान्यांतील कामगारांनी आपल्या कित्येक सभा कमला नेहरू पार्कमध्ये उघड्यावर घेतल्या, त्याचेही कारण हेच. घराबाहेर छप्पर असलेली, पाणी आणि स्वच्छतागृह असलेली, स्त्रियांना निर्धास्तपणे येता येईल अशी जागा कोणती, असे विचारले तर वस्ती एकाच इमारतीकडे बोट दाखवील. म्हणून शाळेच्या खोलीवर शुल्क लावणे याचा अर्थ श्रीमंत वसाहतीत एक आणि श्रमिक वस्तीत अगदी वेगळा होतो. ज्याच्या घरात दिवाणखाना आहे, ज्याच्या सोसायटीत क्लब आहे, त्याला शाळेची खोली ही जास्तीची सोय असते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याच्या दृष्टीने ती एकत्र येण्याच्या हक्काची पूर्वअट असते.

दोन दस्तऐवज आणि एक कुलूप

या बाबतीत कायदा आणि धोरण काय सांगतात? दिल्ली शालेय शिक्षण नियम, १९७३ यांमध्ये खासगी शाळांना मान्यता देण्याच्या अटी आहेत. शाळेची इमारत वा मैदान दिवसा अथवा रात्री व्यापारी कामासाठी, त्याचप्रमाणे जातीय, राजकीय किंवा कोणत्याही प्रकारच्या शिक्षणेतर कामासाठी वापरता येणार नाही, अशी त्यांत एक अट आहे. शाळा बाजाराच्या आणि धर्मांधांच्या हाती जाऊ नये हा तिचा हेतू योग्यच होता. परंतु तिची शब्दरचना अशी आहे की लग्नाचा मांडव आणि प्रौढ स्त्रियांचे वाचनमंडळ यांना एकाच मापाने मोजता यावे.

याउलट २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेले राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगते की शाळांची न वापरलेली क्षमता अध्यापनाच्या वेळेव्यतिरिक्त समाजाच्या सामाजिक, बौद्धिक व स्वयंसेवी कार्यासाठी वापरावी आणि शाळा ‘सामाजिक चेतना केंद्र’ व्हावी. प्रौढ शिक्षणासाठी शाळा संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वापराव्यात, असेही त्यात नमूद आहे. मात्र त्या संध्याकाळच्या दिव्याचे बिल कोण भरणार, झाडलोट कोण करणार आणि त्या श्रमाचा मोबदला कोण देणार, याची तरतूद त्या सुंदर शब्दांच्या मागे कोठेच नाही.

एक दस्तऐवज सर्वच बंद करतो, दुसरा पैशाची सोय न करता सर्व खुले असल्याचे जाहीर करतो. या दोहोंमधील मोकळी जागा अधिकाऱ्याच्या मर्जीने भरली जाते. आणि जेथे मर्जी चालते तेथे वशिला चालतो. ज्याची ओळख आहे त्याला मैदान फुकट मिळते. ज्याची नाही त्याला शुल्काचा दर वाचून दाखविला जातो.

पैसे एकदा देऊन झाले आहेत

‘जो वापरील तो भरील’ हे शुल्कवाद्यांचे सूत्र. जणू काही वस्तीतील माणसाने या इमारतीसाठी आजवर एक पैसाही दिलेला नाही! वस्तुस्थिती उलट आहे. २००४ साली केंद्र सरकारने २ टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये त्यात आणखी १ टक्क्याची भर पडली. हा उपकर केवळ आयकरावर नव्हता. केंद्रीय अबकारी, सीमाशुल्क आणि सेवाकर यांवरही तो होता. अबकारी कर मालाच्या किमतीत मिसळून ग्राहकाच्या खिशातून निघतो. म्हणजे ज्याला आयकराचा कागद कधी पाहावा लागला नाही, त्या बांधकाम मजुराने आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईनेही करपात्र जिनसा विकत घेताना शाळेच्या भिंतीसाठी वर्गणी दिली. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात देशभर उभ्या राहिलेल्या वर्गखोल्यांत ही वर्गणी आहे. अबकारीवरील शिक्षण उपकर २०१५ मध्ये उठला, परंतु अप्रत्यक्ष करांचा भार उठलेला नाही.

शिवाय ती भिंत ज्या हातांनी रचली ते हातही याच वस्त्यांतले आहेत. तेव्हा वापरशुल्क म्हणजे त्याच वस्तूची दुसऱ्यांदा वसुली होय.

शुल्क ही गाळणी आहे

शुल्काने शाळांना उत्पन्न होईल, या युक्तिवादाचा हिशेब मांडून पाहावा. २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी केंद्राने प्रौढ साक्षरतेचा ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ आखला. पुढे त्यालाच ‘उल्लास’ हे नाव मिळाले. त्यासाठी केंद्र व राज्ये मिळून १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि उद्दिष्ट ठरले ५ कोटी प्रौढांना साक्षर करण्याचे. भागाकार केला तर एका प्रौढामागे पाच वर्षांत मिळून सुमारे २०८ रुपये येतात. शिकविणाऱ्याने स्वयंसेवक म्हणून, कर्तव्यभावनेने काम करावे, अशी अपेक्षा आहे.

आता २० स्त्रियांचा एक वर्ग कल्पावा. रोज दोन तास, महिन्यात २५ दिवस. खोलीचे शुल्क ताशी केवळ १०० रुपये धरले तरी महिन्याचे ५,००० रुपये होतात. त्या २० स्त्रियांच्या नावे संपूर्ण कार्यक्रमातील तरतूद मात्र ४,१५० रुपयांच्या आसपास आहे! पाच वर्षांची तरतूद पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्यालाही पुरत नाही. जे सरकार एका हाताने निरक्षरतेविरुद्ध मोहीम पुकारते आणि दुसऱ्या हाताने त्याच मोहिमेकडून भाडे मागण्याचा विचार करते, त्याचा हेतू उत्पन्नाचा असो वा नसो, परिणाम एकच होतो. वर्ग भरत नाही.

याउलट हेच ५,००० रुपये एखाद्या खासगी शिकवणी वर्गाला जड नाहीत, कारण तो ते विद्यार्थ्यांकडून वसूल करतो. लग्नाच्या कंत्राटदाराला जड नाहीत, कारण ते वधूपित्याच्या बिलात जातात. सर्वांना सारखा दर म्हणजे समान न्याय नव्हे. ती एक गाळणी आहे. नफा कमावणारा तीतून सहज खाली उतरतो. ज्याच्याजवळ फक्त माणसे आहेत, पैसा नाही, तो वर अडकतो.

दुसरा परिणाम शाळाशाळांमधील विषमतेचा. ज्या शाळेला मोठे मैदान आहे, जी मुख्य रस्त्यावर वा संपन्न वसाहतीजवळ आहे, तिला गिऱ्हाईक मिळेल. सावदा घेवऱ्यासारख्या टोकाच्या वसाहतीतील शाळेला काय मिळणार? आणि एकदा ‘स्वतःचे उत्पन्न’ हा रकाना शाळेच्या हिशेबात आला, की अनुदान देणारा हात तो रकाना पाहूनच आखडू लागतो. मुख्याध्यापकाने मुलांची गळती मोजावयाची की आरक्षणाची वही सांभाळावयाची?

तिसरा परिणाम लोकशाहीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांना शांततेने, निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. हक्काला जागा लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जंतरमंतरवरील निदर्शने बंद केली आणि लोकांना रामलीला मैदानाकडे जाण्यास सांगितले. पालिकेचे ते मैदान आरक्षणावाचून आणि शुल्कावाचून मिळत नाही, ही तक्रार तेव्हा गरीब संघटनांनी उच्चरवाने मांडली. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंतरमंतरवरील सरसकट बंदी उठविली. त्या प्रकरणाने एक गोष्ट शिकविली. जमावबंदीचा हुकूम दिसतो, त्याविरुद्ध लढता येते. दरपत्रकातून होणारी जमावबंदी दिसत नाही.

इतरत्र काय घडले

श्रमिकांच्या शिक्षणाला छप्पर मिळविण्याचा प्रश्न नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईत दिवसा गिरणीत, दुकानात, घरकामात राबणाऱ्यांच्या रात्रशाळा भरत आल्या त्या दिवसाच्या शाळांच्या इमारतींतच. एकच फळा, एकच बाक; दिवसा मूल आणि रात्री कामगार. त्या वर्गांतून शिकून निघालेल्या पिढ्यांनी मुंबईच्या कामगार चळवळीला वाचणारा, लिहिणारा, हिशेब विचारणारा कार्यकर्ता दिला.

ऑक्टोबर क्रांतीनंतर यादवी युद्ध चालू असतानाच, २६ डिसेंबर १९१९ रोजी सोव्हिएत सरकारने निरक्षरता निर्मूलनाचा हुकूमनामा काढला. त्यात वर्गांसाठी लोकगृहे, क्लब, कारखान्यांतील योग्य जागा, एवढेच नव्हे तर चर्च आणि खासगी घरेही वापरण्याचा अधिकार शिक्षण खात्याला दिला गेला. शिकणाऱ्या कामगाराचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी करावा आणि वेतन मात्र पूर्ण द्यावे, अशी तरतूद होती. उपाशी, वेढलेल्या देशाने जागेचे भाडे शिकणाऱ्याकडे मागितले नाही.

भांडवलशाही देशांतील अनुभवही बोलका आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात १९०७ पासून शाळांच्या इमारती संध्याकाळी नागरिकांच्या चर्चामंडळांना खुल्या केल्या गेल्या. एडवर्ड वॉर्ड यांच्या पुढाकाराने सामान्य कामकरी लोक तेथे शहराच्या कारभारावर बोलू लागले. चर्चा राजकीय प्रश्नांवर पोहोचली तशी सत्ताधाऱ्यांची नाराजी वाढली आणि काही वर्षांतच नगरपालिकेचा पैसा आटला. कुलूप लावण्यासाठी बंदीचा ठराव करावा लागत नाही. तरतूद तोडली तरी पुरते.

कॅलिफोर्नियात मात्र कायद्याने शाळा हे नागरी केंद्र ठरविले गेले. तेथे १९४६ साली एका नागरी हक्क समितीला सान डिएगो येथील शाळेचे सभागृह हवे होते. मंडळाने अट घातली की सरकार उलथविण्याचे समर्थन करीत नाही असे शपथपत्र द्यावे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. शाळा सभेसाठी उघडण्याचे बंधन राज्यावर नसेल; पण एकदा उघडल्यावर विचार पाहून कोणाला आत घ्यावे हे ठरविता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्याच कायद्याच्या पुढील रूपात शुल्काची प्रतवारी आढळते. बिगरनफा मंडळांकडून फार तर प्रत्यक्ष खर्च आणि प्रवेशमूल्य घेऊन खासगी कमाई करणाऱ्यांकडून पुरे बाजारभाडे. म्हणजे भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही गिऱ्हाईक आणि नागरिक यांत फरक करावा लागला.

प्रामाणिक आक्षेपांचा विचार

विरोधकांचे सर्वच आक्षेप दुष्टबुद्धीचे नसतात. काही आक्षेप शिक्षकांचे आणि शाळेतील कामगारांचे आहेत. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

पहिला आक्षेप वेळेचा. दिल्लीतील कित्येक शासकीय शाळांत एकाच इमारतीत दोन पाळ्या भरतात, सामान्यतः सकाळी मुली आणि दुपारनंतर मुले. रविवारी अनेक ठिकाणी नोकरभरतीच्या परीक्षा असतात. तेव्हा इमारत दिवसभर मोकळी पडून आहे हे गृहीतच चुकीचे आहे. मुलांच्या शिक्षणाला पहिला मान, यात तडजोड नाही. पण म्हणूनच उरलेला थोडा वेळ अधिक मोलाचा ठरतो, आणि तो लिलावात न काढता गरजेप्रमाणे वाटला पाहिजे.

दुसरा आक्षेप श्रमाचा. रात्री आठ वाजता सभा संपल्यावर खोली झाडणार कोण? बहुतेक ठिकाणी कंत्राटी सफाई कामगार आणि कंत्राटी चौकीदार, ज्यांना आधीच तुटपुंजे वेतन मिळते. लोकांसाठी इमारत विनाशुल्क म्हणजे कामगाराचे श्रम विनामूल्य, असा अर्थ होत असेल तर कामगार चळवळीने त्या मागणीला हात लावू नये. जादा तासाचा पूर्ण मोबदला सार्वजनिक अंदाजपत्रकातून मिळाला पाहिजे. तो मिळवून देणे हा या मागणीचाच भाग आहे. वस्ती आणि सफाई कामगार यांना एकमेकांसमोर उभे करू पाहणाऱ्या शासनाला हेच उत्तर आहे.

तिसरा आक्षेप दुरुपयोगाचा. इमारत खुली केली तर जातीय शक्ती तेथे ठाण मांडतील, मैदानात कवायती सुरू होतील, ही भीती निराधार नाही. परंतु शुल्क हा त्यावर उपाय नव्हे. अशा संघटनांजवळ पैशाची वाण नसते. दर कितीही ठेवला तरी त्या भरतील आणि साक्षरता वर्ग मात्र बाहेर राहील. खरा उपाय म्हणजे लेखी नियम, उघड नोंदवही आणि लोकांची देखरेख. कोणाला, कोणत्या कामासाठी, किती वेळ जागा दिली हे फाटकावर लागलेले असले की चोरून काही चालत नाही.

चौथे म्हणणे असे की फुकटाची किंमत राहत नाही, बाके मोडतील. बाके मोडतात ती देखभालीच्या अभावी. ज्या शाळेत आईच संध्याकाळी शिकायला येते, त्या शाळेच्या खिडक्या वस्ती जपते.

काय मागावयाचे

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. लोकशाही नियंत्रणाचे हत्यार कायद्यातच पडून आहे. ते उचलावयास हवे. त्या आधारावर पुढील मागण्या प्रत्येक वस्तीत मांडता येतील :

१. साक्षरता वर्ग, अभ्यासिका, वाचनालये, आरोग्य शिबिरे, महिला मंडळे, कामगार संघटना आणि रहिवासी समित्या यांना अध्यापनाच्या वेळेबाहेर शाळेची जागा विनाशुल्क मिळावी.

२. नफ्यासाठी होणारा वापर मुळातच अपवाद असावा. जेथे परवानगी द्यावयाची तेथे पूर्ण भाडे घ्यावे आणि ते एका शाळेकडे न राहता सर्व शाळांच्या समान निधीत जावे.

३. वीज, पाणी, सफाई आणि राखण यांसाठी शासन व पालिका यांनी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी आणि जादा काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना जादा वेतन द्यावे.

४. जागा देण्याचा निर्णय व्यवस्थापन समितीने लेखी नियमांनुसार घ्यावा, नाकारल्यास कारण लेखी द्यावे. विचार वा संघटना पाहून भेदभाव करू नये, मात्र जातीय विद्वेषाला आणि शस्त्रकवायतीला थारा देऊ नये.

५. दिल्लीत ज्या खासगी शाळांनी सार्वजनिक जमीन सवलतीच्या दराने मिळविली, त्यांनीही आपली मैदाने व सभागृहे शेजारच्या वस्त्यांना ठरावीक वेळी खुली करावीत. सार्वजनिक जमिनीवरील अटी त्यांना लागू आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न स्कूल प्रकरणात २००४ सालीच स्पष्ट केले आहे.

दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. परिसरातील सर्व मुले परिसरातील शाळेत शिकतील अशा समाईक शाळेची कल्पना त्या अहवालाने देशापुढे ठेवली. ती कल्पना सत्ताधारी वर्गांनी गुंडाळून ठेवली. संपन्नांनी आपल्या शाळा वेगळ्या काढल्या आणि सरकारी शाळा गरिबांच्या म्हणून दुर्लक्षिल्या गेल्या. आता त्या दुर्लक्षित शाळेच्या रिकाम्या संध्याकाळीही दर लागणार असेल, तर ती केवळ काही रुपयांची बाब राहत नाही. सार्वजनिक या शब्दाचा अर्थच बदलण्याचा तो प्रयत्न आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीने पहिला अर्ज लिहावा तो शाळा व्यवस्थापन समितीकडे. एका खोलीसाठी, आठवड्यातून दोन संध्याकाळी, साक्षरता वर्गासाठी. सोबत सफाई कामगाराच्या जादा वेतनाची मागणी पालिकेकडे आणि शासनाकडे धाडावी. अर्जावर शंभर सह्या असाव्यात, आणि ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे असावेत. वर्षभरानंतर त्याच अर्जाच्या नूतनीकरणावर त्या अंगठ्यांच्या जागी सह्या आल्या, तर शाळेचे फाटक कोणासाठी आहे, या प्रश्नाचे उत्तर कोणालाही विचारावे लागणार नाही.